सहा आठवडे विमान नाही

धुळे, ६ डिसेंबर १९९३

कुंदा,

वर आशीर्वाद लिहायचा की नुसतं नाव, यातच माझी पाच मिनिटं गेली. शेवटी नुसतं नावच लिहिलं. तू धाकटी बहीण आहेस, आशीर्वाद आहेतच असं समज.

तुझं पाकीट पोचलं. पत्र, तुझ्या नीताची लग्नपत्रिका आणि तिकीट, तिन्ही नीट आहेत. मुंबई ते लंडन, लंडन ते टोरांटो, ५ फेब्रुवारी, दुपारचं विमान. नावाच्या जागी पाटील प्रमिला उखर्डू असं उलटं छापलंय. घरमालकीण लताबाईंनी ते तिकीट देवाजवळ ठेवायला सांगितलं. मी कपाटात ठेवलं.

आबांच्या तेराव्याला यावलला भेटलो, त्याला आता अकरा वर्षं होतील. तेव्हाही पंगतीला माणसं किती, यापलीकडे आपण काही बोललो नव्हतो. आई गेली तेव्हा तुला येता आलं नाही. त्याचा मला राग आला होता की बरं वाटलं होतं, हे अजून नक्की सांगता येत नाही.

लग्न १२ फेब्रुवारीचं आहे. मला जमेलसं वाटत नाही. तेव्हा शाळेत दहावीच्या परीक्षेची कामं असतात आणि ऑफिसात मी एकटीच क्लार्क आहे. हेडमास्तर रजा देणार नाहीत. अजून विचारलेलं नाही, पण देणार नाहीत.

तू लिहिलं आहेस, "अक्का, माझ्या हातून जे झालं ते तिकिटाने भरून निघणार नाही, पण तू ये." त्याबद्दल नंतर लिहीन.

अक्का

ता. क. माझ्या एका मैत्रिणीला मानेचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे आणि त्यानंतर महिन्याभराने तिला परदेशी जायचं आहे. गळ्याला पट्टी असलेल्या माणसाला विमानात बसू देतात का? वर हवा विरळ असते म्हणतात, तर टाके उसवतात का? तू पुष्कळदा विमानाने गेलीस, तुला माहीत असेल.


धुळे, १ जानेवारी १९९४

कुंदा,

तुझं उत्तर काल आलं. तू मैत्रिणीबद्दल काहीच लिहिलं नाहीस. एवढंच लिहिलंस की ऑपरेशन आधी करू नकोस, इकडे येऊन जा आणि मग कर. म्हणजे तुला लगेच कळलं.

हो, ऑपरेशन माझंच आहे. येत्या मंगळवारी, ४ तारखेला, जळगावला. मुंबईचे एक प्लास्टिक सर्जन महिन्यातून दोनदा तिथल्या एका खासगी दवाखान्यात येतात. तू पाहिली होतीस त्यापेक्षा आता गळ्याची भाजलेली कातडी जास्त ओढली गेली आहे. हनुवटीपासून गळ्याच्या हाडापर्यंत एक दोरखंड असावा तसं झालंय. मान डावीकडे वळलेलीच असते. ऑफिसात कोणी उजव्या बाजूने आलं तर मला अख्खं वळावं लागतं. डॉक्टर म्हणाले, तो दोर कापून मोकळा करू आणि मांडीची कातडी काढून तिथे लावू. चेहरा नवा होणार नाही, पण मान सरळ होईल.

त्यांनी विचारलं, चोवीस वर्षं काय केलंत? मी म्हटलं, सवय झाली होती. मग आत्ताच का, असं त्यांनी विचारलं. मी खर्च किती येईल ते विचारलं.

तुला खरं सांगते. तुझं तिकिटाचं पाकीट आलं त्याच आठवड्यात मी जळगावला जाऊन तारीख घेतली. रजेचा अर्जही तेव्हाच दिला होता आणि तो मंजूरही झाला. परीक्षेचं कारण खोटं होतं. मला लग्नाला यायचं आहे, पण या मानेने यायचं नाही. तिथे तुझ्या सासरची माणसं असतील. चुडामणराव असतील. चोवीस वर्षांपूर्वी ज्यांच्याशी माझं ठरलं होतं आणि ज्यांनी मला दवाखान्यात एकदाच, दारातून पाहिलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही उरलंय म्हणून नाही. म्हणजे मला तसं वाटतं. त्यांचा चेहराही मला नीट आठवत नाही. मग त्यांनी मला कसं पाहावं याची मला एवढी काळजी का, हे तूच सांग.

विमानाबद्दल मी सगळ्यांना विचारून झालंय. जळगावचा तिकीटवाला म्हणतो, पट्टी दिसली नाही की कोणी विचारत नाही. शाळेतल्या हमीदाबाई म्हणतात, त्यांचे मामा पोटाचं ऑपरेशन करून पंधराव्या दिवशी हजला गेले, काही झालं नाही. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणतो, वर गेलं की सूज दुप्पट होते. लताबाईंचं आपलं एकच, सगळं चांगलं होणार, "बठ्ठं चांगलं व्हई, तू भिवू नको." ज्यांना विचारायला हवं त्या डॉक्टरांना मी विचारलेलं नाही. त्यांनी नाही म्हटलं तर काय करायचं?

आधी यायचं की आधी कापायचं, यावर रात्ररात्र घालवण्यात अर्थ नाही. तारीख ठरली आहे.

अक्का


जळगाव, २४ जानेवारी

कुंदा,

झालं. आज विसावा दिवस. मी अजून दवाखान्याजवळच, हमीदाबाईंच्या बहिणीकडे आहे. हमीदाबाई दर रविवारी धुळ्याहून येऊन जातात.

पहिले पाच दिवस मान मागे टाकून झोपवलं होतं. छताशिवाय काही दिसत नव्हतं. मांडीची जागा गळ्यापेक्षा जास्त दुखते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गळ्यावर लावलेल्या कातडीचा उजवीकडचा एक तुकडा धरला नाही, तिथे पुन्हा ड्रेसिंग चालू आहे. बाकीची धरली. तिचा रंग वेगळा आहे, गव्हाच्या पोळीला मैद्याचं ठिगळ लावल्यासारखा. सहा महिन्यांत मिसळेल म्हणतात.

पण मान सरळ आहे, कुंदा. आरसा दिला तेव्हा मी आधी डावीकडे पाहिलं. मी नेहमी तिथेच असायचे. आरशात मधोमध एक बाई होती. ती आईसारखी दिसत होती. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण आधी ओशाळल्यासारखं वाटलं, परक्या घरात शिरल्यासारखं.

परवा डॉक्टर आले तेव्हा मी धीर करून विमानाचं विचारलं. ते खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ समजावत राहिले. टाके उसवत नाहीत, ती खुळी समजूत आहे. भीती वेगळी आहे. मोठं ऑपरेशन झालं की रक्त घट्ट व्हायला बघतं. त्यात माझी मांडी सोललेली, मी पडून असलेली. अशा माणसाने वीस तास पाय लोंबकळत एका जागी बसायचं म्हणजे पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर विमानात कोणी काही करू शकत नाही. शिवाय गळ्याचा पट्टा चोवीस तास हवा, सूज आली तर तो काचतो. ते म्हणाले, "सहा आठवडे विमान नाही. त्यानंतरही मला दाखवून मगच."

सहा आठवडे १५ फेब्रुवारीला होतात. लग्न १२ ला. तीन दिवस कमी पडतात, आणि तिकिटाप्रमाणे बघितलं तर दहा.

मी मान हलवली. आता हलवता येते.

कुंदा, मी येते आहे. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. हमीदाबाई मुंबईपर्यंत सोबत आहेत, त्यांचा भाऊ कुर्ल्याला राहतो. हे शहाणपणाचं आहे की नाही ते मला ठरवता येत नाही. एकदा वाटतं दहा दिवसांनी काय होतं, एकदा वाटतं डॉक्टर उगीच कशाला सांगतील. पण मी आले नाही तर तुला वाटेल की अक्काने अजून माफ केलं नाही. तसं तुला वाटू द्यायचं नाही, एवढं एकच मला पक्कं कळतं. का, ते समोरासमोर सांगेन.

अक्का


मुंबई, ९ फेब्रुवारी

कुंदा,

हमीदाबाईंनी फोनवर सांगितलं तेवढं तुला कळलंच आहे. बाकीचं मी लिहिते. इथे करायला दुसरं काही नाही. पाय उशीवर, हाताला सलाईन, सकाळ-संध्याकाळ रक्त पातळ करायचं इंजेक्शन.

आम्ही ४ तारखेला सकाळच्या एस.टी.ने धुळ्याहून निघालो. नऊ तासांचा प्रवास. कसारा घाट उतरताना उजव्या पोटरीत पेटका आल्यासारखं झालं. बसून बसून आलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. खोटं. मला तेव्हाच शंका आली होती. कुर्ल्याला पोचल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन दोन्ही पोटऱ्या सुतळीने मोजल्या. उजवी दोन बोटं जास्त भरली. हमीदाबाईंना सांगितलं नाही.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे. फोटोतल्या बाईची मान वाकडी आणि माझी सरळ. गळ्याला पट्टा, वर रुमाल. तिने विचारलं, हा फोटो तुमचाच का? मी म्हटलं, हो. पण तसं म्हटलं आणि मलाच खरं वाटेना. तिने तिच्या साहेबांना बोलावलं. ते वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मराठीत विचारलं, "बाई, ऑपरेशन कधी झालं?"

हमीदाबाई माझ्या मागे होत्या. हळूच म्हणाल्या, दोन महिने झाले म्हणा. मीही तेच ठरवून आले होते, रस्ताभर पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "४ जानेवारीला. आणि माझा पाय सुजलाय."

का म्हणाले, मला माहीत नाही. मरायची भीती असेल. पण भीतीसारखं वाटलं नाही. खोटं बोलून थकल्यासारखं वाटलं.

त्यांच्या डॉक्टरांनी पोटरी दाबली, पाऊल वर वाकवलं आणि विमानात बसू द्यायचं नाही असं सांगून टाकलं. तिथूनच इथे आणलं. गुठळी निघाली. ती ऑपरेशनमुळे झाली की एस.टी.मुळे, हे इथले डॉक्टरही सांगत नाहीत. दोन्हीमुळे, म्हणतात. वर गेल्यावर सुटली असती का, तेही कोणी सांगत नाही. सुटली नसतीही.

शनिवारी नीताचं लग्न. तिला माझे आशीर्वाद सांग. आता ज्यासाठी यायचं होतं ते लिहिते. तीन दिवस पॅड उशाशी घेऊन पडले आहे.

स्टोव्हमध्ये रॉकेल तू नव्हतं ओतलं.

तू सकाळी एकदा टाकी भरली होतीस, चहाच्या वेळी. म्हणून तुलाही ते खरं वाटलं असेल. पण दुपारी तो विझला तेव्हा तू अंगणात कपडे वाळत घालत होतीस. मी एकटी होते. गार होऊ न देता मी रॉकेल ओतलं, काडी ओढली, आणि पंप मारायला वाकले तोच भडका उडाला. तुझा त्यात हात नव्हता.

दवाखान्यात पोलीस जमादार जबाब घ्यायला आला होता. तो सारखा एकच विचारत होता, "स्वतः ओतलं का? लग्न मनाविरुद्ध होतं का?" मी हो म्हटलं की तो लिहिणार, पोरीने जाळून घेतलं. मग ठरलेलं लग्नही गेलं आणि आबांची अब्रूही. मला एवढंच सुचलं. मी म्हटलं, कुंदाने ओतलं, चुकून. त्याने लिहून घेतलं आणि गेला. मला वाटलं, बरी झाले की सगळ्यांना खरं सांगेन.

बरी व्हायच्या आधीच चुडामणरावांच्या घरच्यांनी तुला मागणी घातली. आबा म्हणाले, एकीचं बिघडलं, दुसरीचं तरी होऊ दे. तू नाही म्हणाली नाहीस. तू माझ्या कॉटशी येऊन उभी राहिलीस, मी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा माझी मान वळत होती. तेव्हाच सांगता आलं असतं. पण माझ्या मनात आलं, हिला निदान याचा तरी त्रास होऊ दे. त्या एका गोष्टीवर मी चोवीस वर्षं काढली. तुझी पत्रं येत, प्रत्येकात माफी असे, आणि मी ती ठेवून घेत असे. उत्तर न देता.

सगळ्यांना वाटतं मी तुझ्यावर रागावले होते. तुलाही तेच वाटतं. मी रागावले नव्हते, कुंदा. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

आता तुला काय लिहायचं ते लिही. काही लिहिलं नाहीस तरी समजेन.

प्रमिला


धुळे, २८ मार्च

कुंदा,

मी दोन मार्चला घरी आले. मुंबईहून लिहिलं त्याला सहा आठवडे होऊन गेले, तुझं पत्र नाही. माझं पोचलं की नाही हे कळायला मार्ग नाही. लताबाईंकडे फोन आहे, नंबरही माझ्याकडे आहे. दोनदा आकडे फिरवले आणि शेवटचा आकडा फिरवायच्या आधी ठेवून दिला.

तुला दुसरं पत्र लिहावं की नाही, तेही समजत नाही. लिहिलं तर घाई केल्यासारखं होईल, नाही लिहिलं तर पुन्हा पूर्वीसारखं गप्प बसल्यासारखं. म्हणून हे मधलं लिहिते आहे. पाय बरा आहे. गोळ्या चालू आहेत. शाळेत मुलं मला दुसऱ्या बाई समजून ऑफिसच्या दाराशी थबकतात.

प्रमिला


धुळे, १६ मे १९९४, दुपार

कुंदा,

तू पलीकडच्या खोलीत कूलरसमोर झोपली आहेस आणि मी इथे ओट्याजवळ बसून तुला पत्र लिहिते आहे. कोणी पाहिलं तर हसेल. पण तीन दिवसांत आपण समोरासमोर जेवढं बोललो ते पोस्टकार्डावर मावेल, आणि मला अजून पत्रातच बोलता येतं.

आधी जळगाव स्टेशनचं सांगते, कारण ते मी तुला सांगितलेलं नाही. तुझी तार मिळाल्यापासून मी ठरवत होते की तू उतरलीस की काय म्हणायचं. गाडी आली. तू उतरलीस, केस पांढरे झालेले, चष्मा, हातात निळी बॅग. तू माझ्या अंगावरून गेलीस. मग परत आलीस, आणि थेट माझ्यासमोर थांबून विचारलंस, "बाई, वेटिंग रूम कुठेय हो?"

मी हात करून दाखवली.

मी तेव्हा का बोलले नाही, ते मला अजून कळलेलं नाही. तू वाकडी मान शोधत होतीस. मला एक क्षण वाटलं, हिने ओळखलं नाही तर मी कोणीही असू शकते, जिने हिचं काही बिघडवलेलं नाही अशी कोणीतरी. तू वेटिंग रूमच्या दारापर्यंत पोचलीस तेव्हा ते सहन होईना. मी कुंदे म्हणून हाक मारली. तू आवाज ओळखलास.

बाकावर बसल्यावर तू माझ्या हनुवटीखाली बोट लावून शिवण पाहिलीस. मला वाटलं, आता रडशील. तू म्हणालीस, "मी सतरा वर्षांची होते, अक्का. मला डी.एड. करायचं होतं."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"तुला माहीत होतं, हेच तर."

मग धुळ्याच्या एस.टी.त तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस. पारोळ्याला उसाचा रस घेतला, तो अर्धा टाकून दिलास. घरी आल्यावर लताबाईंशी बोललीस, हमीदाबाईंशी बोललीस, माझ्याशी नाही. काल तेवढं एकदा, पोळी लाटता लाटता म्हणालीस, "लग्न वाईट झालं असतं तर बरं होतं. चिडायला सोपं गेलं असतं. माणूस चांगला निघाला. मुलं चांगली निघाली. आता मी हे कोणावर काढू?" मी म्हटलं, माझ्यावर काढ. तू म्हणालीस, "तेही जमत नाही, तुझ्याकडे बघितलं की आई दिसते." आणि पोळी तव्यावर टाकलीस.

यात माफी आहे की नाही, मी तीन दिवस शोधते आहे. सापडत नाही. नसेल तर मागणार नाही. तू चोवीस वर्षं मागितलीस आणि मी दिली नाही, तर मला कुठल्या तोंडाने मागता येईल.

एक व्यवहाराचं विचारते. माझं तिकीट वर्षभर चालतं, तारीख बदलून मिळते. व्हिसा जुलैपर्यंत आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं, या वेळी सगळं खरं सांगून. ते म्हणाले, आता जाऊ शकता. गोळ्या चालू ठेवायच्या, पाणी पीत राहायचं, तासातासाला उठून चालायचं, आणि शेजारी असं माणूस हवं ज्याला सगळं माहीत आहे. असं माणूस मला एकच माहीत आहे आणि ते २८ तारखेला परत चाललंय.

मी यावं की नाही, मला ठरवता येत नाही. यायची इच्छा आहे. पण तुला वीस तास मला शेजारी सोसता येईल का, हे मी कसं ठरवू? नको म्हणालीस तर स्टेशनपर्यंत पोचवायला येईन आणि त्यात काही वाकडं वाटून घेणार नाही.

हा कागद तुझ्या चष्म्याखाली ठेवते आहे. तू उठशील तोवर मी लताबाईंकडे पापड लाटायला जाते.

प्रमिला


(त्याच कागदाच्या मागे, दुसऱ्या अक्षरात)

अक्का,

तिकीट कपाटातून काढून माझ्या पर्समध्ये ठेवलंय. जळगावला जाऊन तारीख बदलून आणू.

खिडकीशी मी बसणार. दर तासाला तुला मी उठवीन, पण लंडनपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही. लंडनच्या पुढचं तेव्हा बघू.

कुंदा